युक्तिवाद उलगडून पाहताना

“हा क्लास लावा, आमची इतकी मुलं नव्वदच्या वर गेली.” “शेजारच्यांचा खोकला या काढ्याने आठवड्यात थांबला, तुम्हीही घ्या.” “मोबाइल आले आणि पोरांना चष्मे लागले.” दिवसभरात अशी कितीतरी वाक्ये कानावर पडतात. प्रत्येकात बोलणारा काहीतरी पटवून देतो आहे आणि त्यासाठी एक कारण पुढे करतो आहे. युक्तिवाद म्हणजे साध्या भाषेत एवढेच. तो मानायचा की नाही, आणि मानायचा तर किती, हे ठरवण्याची रीत कुणालाही शिकता येते. त्यासाठी कागद, पेन आणि थोडा धीर पुरतो.

नवख्यांच्या हातात बहुधा तर्कदोषांची लांबलचक यादी दिली जाते. मला ती सुरुवात चुकीची वाटते. यादी पाठ झाली की माणूस समोरच्याच्या बोलण्यावर चिठ्ठ्या डकवू लागतो आणि ऐकणे थांबवतो. त्याऐवजी आधी एकच सवय लावावी. दावा आणि कारण यांना जोडणारा, पण न बोलला गेलेला दुवा शोधायचा आणि कागदावर उतरवायचा. बहुतेक युक्तिवाद मोडतात ते तिथेच. न्यायदर्शनाने, म्हणजे तर्काचा अभ्यास करणाऱ्या प्राचीन भारतीय परंपरेने, या दुव्याला ‘व्याप्ती’ हे नाव दिले आणि शतकानुशतके त्याची चिकित्सा केली. पुढच्या पायऱ्यांत ती परिभाषा मी जागोजागी वापरणार आहे, कारण ती नेमकी आहे आणि निम्मे शब्द आपल्या बोलण्यात आधीच आहेत.

पहिली पायरी: दावा एका ओळीत, कारण दुसऱ्या ओळीत

माणसे सरळ रेषेत बोलत नाहीत. काकू म्हणतात, “अगं, हल्लीची पोरं बघ, जेवतानासुद्धा मोबाइल लागतो. आमच्या वेळी वर्गात एखाद्यालाच चष्मा असायचा. आता पहिलीतल्या पोरांच्या नाकावर चष्मे!” यात आठवण आहे, तक्रार आहे, काळजीही आहे. त्यातून युक्तिवाद तेवढा वेचला तर दोन ओळी उरतात.

दावा: मोबाइलमुळे मुलांना चष्मा लागतो.
कारण: मोबाइल वाढले तसे चष्मेही वाढले.

वेचताना दोन पथ्ये पाळा. पहिले म्हणजे, प्रत्येक बोलण्यात युक्तिवाद असतोच असे नाही. “मला पुण्यापेक्षा कोल्हापूर आवडतं” यात तपासण्यासारखे काही नाही, ती आवड आहे. दुसरे पथ्य जास्त महत्त्वाचे. समोरच्याचे म्हणणे असे मांडा की ते ऐकून तोच म्हणेल, “हो, मला हेच म्हणायचं होतं.” आपल्या शास्त्रग्रंथांत स्वतःचा सिद्धान्त सांगण्याआधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचे म्हणणे, मांडण्याची रीत होती, तीही पुरेशा ताकदीने. म्हणून विचारा, “काकू, मोबाइल आल्यामुळे चष्मे वाढले, असंच ना तुमचं म्हणणं?” त्यांचा होकार आला की मगच पुढे जा. “तुम्हाला नव्या गोष्टींचं सगळंच वाईट दिसतं” असे म्हणून जे खोडले जाते, ते काकूंनी मांडलेलेच नसते.

दुसरी पायरी: न बोललेला दुवा लिहून काढा

न्यायदर्शनात दुसऱ्याला पटवण्यासाठी अनुमान मांडायचे तर त्याचे पाच अवयव सांगितले आहेत. नेहमीचे उदाहरण डोंगरावरच्या धुराचे.

प्रतिज्ञा: डोंगरावर अग्नी आहे.
हेतू: कारण तिथे धूर आहे.
उदाहरण: जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघर.
उपनय: हा डोंगरही तसाच धूर असलेला आहे.
निगमन: म्हणून डोंगरावर अग्नी आहे.

यातला तिसरा अवयव नीट पाहा. धूर आणि अग्नी यांचा कायमचा संबंध, म्हणजेच व्याप्ती, तिथे उघडपणे सांगितली आहे आणि सोबत ओळखीचा दाखलाही दिला आहे. रोजच्या बोलण्यात आपण नेमका हाच अवयव गिळतो. “धूर दिसतोय, आग लागली असेल” एवढेच म्हणतो. धुराच्या बाबतीत ते चालते, कारण व्याप्ती सगळ्यांना ठाऊक असते. क्लासच्या जाहिरातीत मात्र ती ठाऊक नसते, आणि कुणी विचारतही नाही.

म्हणून कागदावर “जिथे जिथे … तिथे तिथे …” असे लिहा आणि रिकाम्या जागा भरा. काकूंच्या म्हणण्यामागचा दुवा असा निघेल: “जिथे जिथे दोन गोष्टी एकाच काळात वाढतात, तिथे तिथे पहिली दुसरीचे कारण असते.” काढ्याचा असा: “जिथे जिथे एखादी गोष्ट घेतल्यानंतर बरे वाटते, तिथे तिथे त्या गोष्टीनेच बरे वाटलेले असते.” असा दुवा लिहिला की तो डगमगतो हे वेगळे सांगावे लागत नाही. हे वाक्य तोंडाने मोठ्याने म्हणून पाहा. ज्याने युक्तिवाद केला तोही बहुधा थबकेल.

दुव्याला दिशा असते, हेही इथेच लक्षात घ्या. धुरावरून अग्नी ओळखता येतो, पण अग्नीवरून धूर ओळखता येत नाही. लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. अग्नीबरोबर धूर असायचा तर इंधन ओले असावे लागते. म्हणजे “पाऊस पडला की अंगण ओलं होतं” हे खरे असले तरी ओल्या अंगणावरून पावसाचा निष्कर्ष निघत नाही. कुणी सडा घातला असेल, टाकी वाहिली असेल. ही उलटापालट फार सहज होते. “हुशार मुलं कमी बोलतात” हे घटकाभर खरे धरले, तरी कमी बोलणारा मुलगा हुशार ठरत नाही.

तिसरी पायरी: मोडणारा दाखला शोधा

दुवा लिहून झाला की त्याच्या बाजूचे दाखले गोळा करू नका. ते नेहमीच सापडतात. मोडणारा दाखला शोधा: कारण हजर आहे, पण दाव्यात सांगितलेली गोष्ट नाही, असे कुठे होते का? नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, सांगितलेल्या पाच हेत्वाभासांपैकी (वरवर पटणाऱ्या पण फसव्या कारणांपैकी) पहिला हाच, सव्यभिचार. इथे पुढे केलेले कारण दावा खरा असतो तिथेही दिसते आणि खोटा असतो तिथेही.

मात्र दाव्यात ‘सगळे’ आहे की ‘बहुतेक’ हे पाहूनच दाखला वापरा. “सगळे पक्षी उडतात” हे वाक्य एका शहामृगाने मोडते. “धूम्रपानाने आयुष्य कमी होण्याचा धोका वाढतो” हे मात्र बिडी ओढून नव्वदी गाठलेल्या कुणाच्या आजोबांनी मोडत नाही. तो दावा मोठ्या समूहाबद्दल आहे, प्रत्येक माणसाबद्दल नाही. घरगुती वादांत सर्वांत जास्त गोंधळ मी इथेच पाहतो. एका बाजूने कल सांगितला जातो, दुसरी बाजू एका माणसाचा दाखला देते, आणि दोघांनाही आपण जिंकलो असे वाटते.

चौथी पायरी: आणखी काय बदलले?

ओल्या इंधनासारखी, नकळत मधे शिरून दोन गोष्टींचा संबंध घडवणारी जी अट असते, तिला न्यायात ‘उपाधी’ म्हणतात. उपाधी शोधणे हे या सगळ्या कामातले सर्वांत कसदार काम आहे. इथे घाई करू नका.

चष्म्यांकडेच परत येऊ. मोबाइल वाढले त्याच काळात मुलांच्या आयुष्यात आणखी काय बदलले? मैदाने गेली, शिकवण्या वाढल्या, संध्याकाळचे बाहेरचे खेळ आटले. मग चष्म्याचे कारण पडदा, की डोळ्यांजवळ धरून केलेले कोणतेही काम, की दिवसाउजेडी बाहेर न जाणे? नुसते विचार करून हे सुटत नाही. एक गोष्ट बदलून आणि बाकीच्या शक्य तितक्या सारख्या ठेवून पाहावे लागते. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ प्राथमिक शाळांमध्ये हे करून पाहिले गेले. सहा शाळांतल्या पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी ४० मिनिटांचा मैदानी तास जास्तीचा दिला, उरलेल्या सहा शाळांचे वेळापत्रक होते तसेच ठेवले. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत लघुदृष्टी, म्हणजे लांबचे अंधुक दिसण्याचा दोष, नव्याने जडलेल्या मुलांचे प्रमाण मैदानी तास मिळालेल्या शाळांत ३०.४ टक्के, आणि इतर शाळांत ३९.५ टक्के.

म्हणजे मोबाइल निर्दोष सुटला का? नाही. डोळ्यांजवळच्या कामाचा प्रश्न या प्रयोगाने सोडवलेला नाही. पण काकूंच्या दोन ओळींत बाहेरच्या उजेडाचा उल्लेखही नव्हता, आणि तोच बदलून फरक पडला. या माहितीचा उपयोग भांडणाऐवजी असा करता येतो: “काकू, मोबाइल कमी करूच, पण संध्याकाळी त्याला बाहेर खेळायला सोडू या.”

काढ्याच्या बाबतीत उपाधी म्हणजे निव्वळ काळ. साधी सर्दी बहुतेकदा आठवडा-दहा दिवसांत आपली आपण उतरते. माणूस औषध शोधतो ते त्रास टिपेला पोहोचल्यावर, आणि तिथून पुढे उतारच असतो. मग त्या दिवशी जे घेतले त्याला श्रेय मिळते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे आपण म्हणतो खरे, पण आपल्या आवडत्या औषधाच्या बाबतीत ते आठवत नाही. काढा गुणकारी असूही शकतो. शेजाऱ्यांच्या खोकल्यावरून मात्र ते कळणार नाही.

पाचवी पायरी: एकूण कितींपैकी?

दहावी-बारावीच्या निकालानंतर चौकाचौकात क्लासचे फ्लेक्स लागतात. त्यावर फोटो आणि टक्के असतात. त्यावर नसलेली माहिती अशी: एकूण मुले किती बसली, क्लासला येण्याआधी त्यांचे गुण किती होते, आणि प्रवेश देतानाच चाचणी घेऊन हुशार मुले निवडली होती का. शंभर मुलांतली वीस नव्वदच्या वर आणि दोन हजारांतली वीस नव्वदच्या वर, फ्लेक्स दोन्हींचा सारखाच दिसतो. पालक म्हणून चौकशीला जाल तेव्हा हे तीन प्रश्न विचारा.

हीच पायरी नीट पाळली तर काय हाती लागते, याचे उत्तम उदाहरण पुण्यात घडले. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचा स्वतः अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांनी मिळून फलज्योतिषाची चाचणी आखली. तिचे निष्कर्ष २००९ साली ‘करंट सायन्स’ या संशोधनपत्रिकेत आले. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या जन्मवेळा मिळवून २०० कुंडल्या तयार केल्या. ज्योतिष्यांना आवाहन केले, आणि भाग घेणाऱ्या प्रत्येकाला त्यांतल्या ४० कुंडल्या, कुठलीही निवड न करता उचललेल्या, पाठवल्या. कुंडली हुशार मुलाची की मतिमंद मुलाची, एवढेच ओळखायचे होते. ५१ जणांनी तयारी दाखवली, २७ जणांची उत्तरे आली.

मला ही आखणी आवडते ती एका गोष्टीसाठी. नाणे उडवून उत्तरे लिहिली असती तर ४० पैकी साधारण २० बरोबर आली असती, हे आधीच ठाऊक होते. म्हणजे तुलना कशाशी करायची हे उत्तरे यायच्या आधी ठरले होते. प्रत्यक्षात सगळ्यांची सरासरी निम्म्याच्याही खाली राहिली. सर्वांत जास्त गुण २४.

आता या २४ वर थांबा. कुणी म्हणेल, “बघा, त्या एका ज्योतिष्याला साठ टक्के जमलं, म्हणजे खरा जाणकार असतोच.” एकूण कितींपैकी, हा प्रश्न इथे विचारायचा. नुसते नाणे उडवणाऱ्याला ४० पैकी २४ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता सुमारे १३ टक्के आहे. २७ जणांनी नाणी उडवली असती तर त्यांतल्या तीन-चार जणांचे गुण २४ किंवा वर गेले असते. त्या मानाने एकाच्याच २४ गुणांत नवल काही नाही. गर्दीतून सर्वांत वरचा माणूस उचलून दाखवला की तो नेहमीच असामान्य दिसतो. शेअर बाजारातले सल्लागार आणि निवडणुकीचे भाकीत करणारे यांनाही हेच लागू पडते.

निष्कर्ष काढतानाही हात आवरा. या चाचणीने एक दावा तपासला: कुंडलीवरून बुद्धीचा अंदाज करता येतो. विवाहयोग किंवा आयुर्मान यांबद्दल तिने काही सिद्ध केलेले नाही. त्या दाव्यांना त्यांची वेगळी चाचणी लागेल. पण अशी चाचणी द्यायची जबाबदारी दावा करणाऱ्याची आहे, हे मात्र ठामपणे म्हणता येते.

सहावी पायरी: कारण मुळात खरे आहे का?

दुवा पक्का असूनही युक्तिवाद फसू शकतो. “सगळे सस्तन प्राणी जमिनीवर राहतात, देवमासा सस्तन आहे, म्हणून देवमासा जमिनीवर राहतो.” मांडणी निर्दोष आहे, पण पहिले विधान खोटे आहे. उलटही घडते. निष्कर्ष खरा, पण त्यासाठी दिलेले कारण कुचकामी. “पृथ्वी गोल आहे, कारण चंद्र गोल दिसतो” यातली पृथ्वी गोल आहेच, पण या कारणाने नाही. म्हणून एखादा युक्तिवाद मोडला की त्याचा दावाही खोटा ठरला, असे समजू नका. तो अजून सिद्ध व्हायचा आहे, इतकेच.

कारण खरे आहे का हे दर वेळी स्वतः जाऊन पाहता येत नाही. आपले बहुतेक ज्ञान दुसऱ्याच्या शब्दावर उभे आहे, आणि न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (साम्यावरून ओळखणे) यांच्या जोडीला ‘शब्द’ हेही प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले आहे. शब्द कुणाचा घ्यायचा? आप्ताचा. म्हणजे ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष माहीत आहे आणि जी जशी पाहिली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, त्याचा. न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात पुढे म्हटले आहे की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू आहे. माझ्या मते हे वाक्य आजही प्रत्येक शाळेच्या भिंतीवर शोभेल. सांगणारा कोणत्या जातीचा, पक्षाचा, गावाचा हा प्रश्नच नाही. त्याला माहीत आहे का, आणि फसवण्यात त्याचा फायदा आहे का, हे दोनच प्रश्न.

व्हॉट्सॲपवर आलेल्या मजकुराला हेच लावा. “युनेस्कोने ‘जन गण मन’ला जगातले सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं” हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. युनेस्कोने असे काही जाहीर केलेले नाही. ज्याने पाठवला त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नसते, पण त्याला ही गोष्ट प्रत्यक्ष माहीत नसते. त्यालाही ती कुणीतरी पाठवलेली असते. मूळ संस्थेपर्यंत जाता येईल तर जा, नाहीतर मजकूर पुढे ढकलू नका. आणि घरातल्या ज्येष्ठांना गटात सगळ्यांसमोर खोडण्यापेक्षा वेगळा फोन करून “मामा, हे कुठून आलं हो?” असे विचारा. प्रश्न तोच राहतो, फक्त उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

सातवी पायरी: चर्चा कुठल्या जातीची आहे?

गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. दोघांनाही खरे काय ते हवे असेल तर तो वाद. केवळ जिंकायचे असेल तर जल्प. स्वतःचे काहीच न मांडता समोरच्याचे फक्त खोडायचे असेल तर वितंडा. वरच्या सगळ्या पायऱ्या वादासाठी आहेत. टीव्हीवर रात्री चालतो तो बहुधा जल्प असतो, आणि तिथे “जिथे जिथे…” लिहून काही साधत नाही.

समोर काय चालले आहे हे ओळखायला एक प्रश्न पुरतो: “काय दिसलं तर तुम्ही तुमचं मत बदलाल?” काहीतरी ठोस उत्तर आले तर बसा, चहा मागवा, चर्चा करा. “काहीही झालं तरी नाही” असे उत्तर आले तर तिथून उठावे. अर्थात हा प्रश्न आधी स्वतःला विचारलेला असावा, आणि त्याचे उत्तर लिहून ठेवलेले असावे. लिहिलेले नसले की आपली अट हळूच मागे सरकते.

सरावासाठी

रोज एक युक्तिवाद घ्या: अग्रलेखातला, सोसायटीच्या सभेतला, जाहिरातीतला. दावा, कारण, दुवा, मोडणारा दाखला, उपाधी, एकूण संख्या, असे त्याखाली लिहा. सगळ्या रकान्यांत काही सापडेलच असे नाही, आणि एखादा युक्तिवाद सगळ्यांतून तरून जाईल. तेव्हा तो मोकळ्या मनाने स्वीकारा. सुरुवातीला ही दोन वाक्ये घ्या.

“शेजारच्या रस्त्यावर मागच्या वर्षी फार अपघात झाले म्हणून गतिरोधक बसवले, यंदा अपघात कमी झाले. आपल्याही रस्त्यावर बसवा.” इथे दुवा लिहिण्याआधी त्या रस्त्यावरचे आणखी मागच्या पाच-सहा वर्षांचे आकडे मागा. एखादे वर्ष फार वाईट गेले असेल तर पुढचे वर्ष गतिरोधकाशिवायही बरे जाण्याचीच शक्यता जास्त असते.

“जुन्या इमारती बघा, शंभर वर्षं टिकल्या. आताच्या तीस वर्षांत गळायला लागतात.” यात शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या पण आज उभ्या नसलेल्या इमारती कुठे मोजल्या आहेत ते शोधा.